खुर्ची क्रमांक चार

सुटीमुळे पाळी रविवारवर ढकललेली,
म्हणून टोलेडोत डायलिसिसबरोबर आज बक्षीस समारंभ.

पहिली गायली ती बेसूर नव्हती,
पण सूर यंत्राने इस्त्री करून दिलेला.
असं म्हणालो, तर पाच नंबरची डोलोरेस म्हणाली,
"तुझं रक्तही यंत्रच धुतंय. गप बस."

बरं. गप.

वर्षातलं उत्तम गाणं म्हणे हे!
एकच ओळ, मांजराने रिकामी बशी चाटत राहावी तशी.
मी हरलेल्यांकडे बघतो.
टाळ्या वाजवताना त्यांचे हात
किती वर येतात, पार हनुवटीशी.

मग तो ड्रमवाला पोरगा.
कागद उलटा धरलेला.
आईचं नाव घ्यायला तोंड उघडलं
आणि खालून वाद्यवृंद सुरू: उतरा आता.
"अरे, बोलू द्या त्याला!" डोलोरेस किंचाळली.
नर्स धावत आली, तिला वाटलं सुई निसटली.

साबणाची जाहिरात.

नावं ठेवण्यात मी पहिल्यापासून पटाईत,
घरी विचारा कुणालाही.
आज बसमध्ये त्याच्या आईला
नाव ठेवत बसलो:
बर्निस. ओडेसा. लोरेन.
लोरेनवर मन बसेना, तोवर
माझा स्टॉप मागे गेला.