शेवटच्या जर्सीवरची माती

एलिसेओ कोल्केची सतरा वर्षं
माझ्या हातांखालून गेली.
पेपरवाले गोल मोजायचे. बचावातल्या गड्याचे गोल ते किती,
तीन,
त्यातला एक आपल्याच जाळीत.
मी डाग मोजायचे.

कालामात पाऊस पडत नाही.
रेल्वेवाल्यांच्या मैदानातलं गवत टँकरच्या पाण्यावर जगायचं,
म्हणजे जगायचं नाहीच.
जर्सी अर्ध्या तासात वाळायची,
घामाच्या मिठाने पापडासारखी कडक,
दोरीवरून ओढली की वाजायची.

पहिल्या वर्षी माती सगळी पाठीवर.
पोरगा सारखा आपटत होता.
तिसऱ्या वर्षी ती चड्डीच्या डाव्या अंगाला आली, लांब, तिरकी;
म्हटलं, आला घसरून चेंडू काढायला.
पुढे कोपरावर रक्त, कॉलरवर दुसऱ्याचं रक्त,
आणि एकदा खांद्यावर लिपस्टिक.
ती मी दोनदा साबण लावून घालवली,
त्याच्या बायकोने पिशवी न्यायला यायच्या आत.
विचारलं नाही. कपडे धुणारीने विचारू नये.

सातव्या वर्षी सान्तियागोहून एक माणूस त्याला बघायला आला,
त्या धुळीत कोट घालून.
त्या दिवशी जर्सी अशी मळली
की पाठीवरचा चार वाचता येईना.
माणूस दहा नंबरच्या पोराला घेऊन गेला.
एलिसेओने मोजे स्वतः आणून दिले, घडी घालून.
मळक्या मोज्यांची कुणी घडी घालतं का?

मग कधीतरी जर्सी स्वच्छ येऊ लागल्या.
कोचच्या आधी मला कळलं.
तो आता घसरत नव्हता,
उभ्या उभ्या हात करायचा: तू इकडे, तू मागे.
लोक त्याला अनुभव म्हणत.

शेवटच्या मॅचला तो बाकावर.
अख्खा दुसरा हाफ रेषेच्या कडेने पळत राहिला, अंग गरम ठेवत.
कोचने मान वळवली नाही.
त्या जर्सीवर काही म्हणता काही नव्हतं,
एका बाहीला रेषेचा चुना, चिमूटभर.
"ही धुऊ नकोस, तिमोतेआ."
मी हो म्हटलं.
आणि सोमवारी, हातांची खोड,
बाकीच्यांबरोबर तीही बुचकळली.

त्याने कधी विषय काढला नाही.
आता खाणीची बस चालवतो, पहाटे चारची पाळी.
उतरताना आधी उजवा पाय, मग थांबतो, मग डावा.

परवा नातवाला घेऊन आला. ब्राउलिओ, पुढचे दोन दात पडलेले.
"सांग याला," म्हणाला,
"शेवटच्या मॅचला माझ्या जर्सीवर किती माती होती."
म्हणाला, आणि दोरीवरचे चिमटे बघत राहिला.

"अरे देवा," मी म्हटलं, "ती जर्सी!
तीनदा पाणी बदललं. हातांची सालं निघाली.
तरी निघता निघेना."

पोरगं माझ्या हातांकडे बघू लागलं.
मी ते पुढे केले.