तिसरा गिअर

दुर मोहम्मदने ऑइल काढलं
आणि ट्रे दारातल्या उन्हात धरला.
काळ्या तेलात बारीक चांदी हलत होती,
बांगडे साफ केल्यावर मनगटाला राहते तशी.
"हा तुझा तिसरा," तो म्हणाला,
"थोडा थोडा करून इथे आलाय."

मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडे:
इंजिन उतरवणं, केस उघडणं,
फोर्क, दोन गिअर, सगळे सील,
जपानहून दुबई, दुबईहून रस्त्याने सोहार.
खाली रेघ.
तीनशे पंच्याऐंशी रियाल.
विकली तर दोनशे येतील,
तेही घेणारा बहिरा असला तर.

अकरा वर्षं झाली इथे,
अजून मी सगळं रुपयांत करून बघतो,
टोमॅटो, दाढी, चपला.
हा आकडा केला नाही.
सनायाभर ग्राइंडर चालू होते,
शुक्रवारच्या नमाजाआधी कामं उरकायची घाई,
आणि मी टाकीवरच्या बेडकाकडे बघत उभा.
हा बेडूक रोमेलच्या मुलीने चिकटवलेला.
तो सेबूला परत गेला तेव्हा
गाडी, दोन हेल्मेटं आणि अर्धी तांदळाची गोण
मला एकाच भावात देऊन गेला.
उन्हाने बेडकाचं एक डोळा-तोंड नेलं.
उरलेला अजून हसतो.

पाच आठवडे मी दुसऱ्यातून थेट चौथ्यात जातोय.
तिसऱ्यात टाकली की जरा वेळ धरते,
मग नेमका जोर लावताना
खट्,
आणि इंजिन एकटंच ओरडत राहतं,
चाकापर्यंत काही पोचत नाही.
शिकलो तसं चालवायला.
दुसऱ्याला थोडं जास्त ताणायचं,
चौथ्याला थोडं सांभाळून घ्यायचं.
माणसाला कशाचीही सवय होते.
त्यातलं हेच मला आवडत नाही.

रात्री फोनवर हेमांगी म्हणाली,
"कंपनीची बस आहे ना?"
आहे. पांढरी, गार, पडद्यांची.
बारा तास क्रेनच्या काचेत बसून
दुसऱ्यांचे कंटेनर उचलायचे,
मग त्या पडद्यांत बसून
आपल्यालाही कुणीतरी उचलून ठेवायचं.
हे तिला बोललो नाही. म्हटलं, "आहे."

तेवढ्यात आठवलं म्हणून विचारलं.
ती व्हिसावर आली होती, जानेवारीतले पंधरा दिवस,
वादी हिबीच्या चढावर
दुसरा किंचाळायचा, चौथा गुदमरायचा,
तिसऱ्यातच काय ती सरळ चढली गाडी,
डोंगर दोन्हीकडून भाजलेल्या भाकरीच्या रंगाचे,
आणि तिने मागून कानात काहीतरी ओरडून सांगितलं.
वाऱ्याने ते नेलं.
खाली उतरल्यावर म्हणाली, काही नाही.
सहा वर्षं मी ते काहीतरी
मनात हवं तसं भरून ठेवलं होतं.

"अरे, सायलेन्सरला सलवार लागली होती,
जळत होती, तेच सांगत होते.
ऐकलं नाहीस, मग म्हटलं जाऊ दे."
आणि हसली, इतकं की
पलीकडे ओवी उठून बसली, काय झालं म्हणून.

सकाळी शंभर दिले, बाकी तीन पगारांत.
दुर मोहम्मद दहा नंबरचा पाना शोधत होता,
तो कुठल्याच गॅरेजात सापडत नाही.
"महिना लागेल," तो गाडीखालून म्हणाला,
"पार्ट आला तर."
मुलकिया खिशात, हेल्मेट हातात,
तसाच बसमध्ये चढलो.
कुणी काही विचारलं नाही.
बस पोर्टच्या चौकाला वळसा घालून
रस्त्याला लागली, वेग घेऊ लागली,
आणि सीटखाली माझा डावा पाय
आपोआप वर उचलला गेला,
दोनदा,
लागोपाठ.