खडूच्या रेषा

हर्षला वैतीनं टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.
"काका, धरा. हलू नका."
चौतीस वर्षं बेस्टमध्ये मीटर वाचले मी,
जिन्यांखालच्या अंधारात, बॅटरी दातांत धरून.
उन्हाचं माप घ्यायला कुणी बोलावेल
असं वाटलं नव्हतं.

वडाळ्याची गच्ची, ती केवढी असणार!
दोन टाक्या, एक गळकी,
नऊ डिश, त्यातल्या पाच मेलेल्या,
कुरूपबाईंच्या कढीपत्त्याचे डबे,
आणि पश्चिमेला तो नवा टॉवर.
एकेचाळीस मजले.
आमची त्याची ओळख नाही,
तरी दुपारी अडीचला न चुकता आमच्याकडे येतो.

तिनं खडू दिला: दर तासाला सावलीची कड आखा.
दहा. अकरा. टाकीची सावली आखडत गेली.
बाराला तळपाय भाजले.
एकला कुरूपबाई ताक घेऊन आल्या,
म्हणाल्या, डबे हलवायचे तर आधी मला विचारायचं.
दोन.
मग टॉवर आला आणि सगळ्या रेषांवर
आडवा झाला.

"दहा पॅनेल मावतील," ती म्हणाली, "कामाची आठच."

सोळा बिऱ्हाडं, आठ पॅनेल.
सभेत तळमजल्याचे मेंडोन्सा म्हणाले,
गुडघ्यांमुळे एकोणीस वर्षांत वर गेलो नाही,
पण गच्ची माझीही आहे ना?
चौथ्या मजल्यावरचे सोमण म्हणाले,
गळती आमच्या डोक्यावर आणि ऊन सगळ्यांचं?
दोघंही खरंच बोलत होते.
चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं:
पंप, आणि जिन्यातले दिवे.
पाणी सगळ्यांनाच लागतं,
पायरी सगळ्यांचीच चुकते.

गळकी टाकी उतरली. डिश भंगारात गेल्या.
कढीपत्ता अडीचनंतरच्या पट्ट्यात सरकला;
बाई आठवडाभर बोलल्या नाहीत.

नव्या मीटरवर दोन आकडे येतात आळीपाळीनं,
घेतलेलं आणि दिलेलं.
माझ्या सगळ्या नोकरीत
दिलेलं असा रकानाच नव्हता.
पहिल्या रविवारी पंप बंद होता,
सकाळी सव्वाअकराला खाली गेलो, वही घेऊन.
दिलेलं: शून्य पूर्णांक तीन.
तारीख घातली, सही केली,
कुणाला द्यायची नव्हती तरी.

बॅटरी दातांतच होती.
वर बघितलं तर
जिन्यातला दिवा कुणीतरी चालूच ठेवलेला,
भर दिवसा.
मी तो बंद केला.