चर्चा करा (गुण १०)

प्रश्न चौथा मीच काढला होता:
गर्भपाताविषयी साऱ्या देशासाठी एकच कायदा
करण्याचा अधिकार संसदेला आहे काय? चर्चा करा.
सांगलीतलं रात्रीचं लॉ कॉलेज, विश्रामबागेकडं,
खाली झेरॉक्सचं दुकान, वर्गात चौदा जण,
त्यातले नऊ कामावरून थेट आलेले,
डब्याच्या वासासकट.

बहुतेकांनी गाईड उतरवलंय.
सातवी अनुसूची. तीन याद्या.
दवाखाने राज्याच्या यादीत,
डॉक्टरी पेशा समवर्ती यादीत,
कुटुंबनियोजनही तिथंच, मागाहून घातलेलं.
सबब, अधिकार आहे.
एकानं समवर्तीचं समवर्तुळी केलंय
आणि खाली तीन वर्तुळं काढलीत, मधोमध बाण.
साडेचार दिले.

मग त्रिशला मगदूमचा पेपर.
दिवसा मिरजेच्या सिव्हिलला नर्स.
अक्षर केसपेपरवरचं, तिरकं, घाईचं.
पहिलं पान बरोबर, नोंदींच्या आकड्यांसह.
दुसऱ्या पानावर लिहिते:

मॅडम, आता चर्चा.
विट्याकडची एक बाई आली. पंचवीस आठवडे.
नवरा कोइमतूरला, गलाईच्या धंद्यात.
सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याला कवटीच नाही.
कायदा दिल्लीचा: चोवीसच्या पुढं बोर्ड ठरवेल.
बोर्ड राज्याचं: तीन दिवसांत सांगायचं.
बोर्डातले एक साहेब मेव्हण्याच्या वास्तुशांतीला गेलेले.
हे कोणत्या यादीत येतं, मला सापडलं नाही.

आठवडे ती मोजत नव्हती, आम्ही मोजत होतो.
ती म्हणाली, आमचं मालक मिलिग्रॅमवर सोनं तोलत्यात,
काट्याला काचंची पेटी असती, वारं लागू नये म्हणून.
तुमच्या काट्याला पेटी न्हाई व्हय?

चौथ्या दिवशी बोर्डाचा कागद आला.
मग आमच्या छापील फॉर्मवर खाली एक रकाना निघाला:
पतीची सही.
कायद्यात तो नाही. तुमच्याच तासाला दोनदा वाचलाय.
अठरा पूर्ण असली की संमती फक्त तिची.
रकाना संसदेनं केला नाही, विधानसभेनंही नाही,
कधीतरी छापखान्यातून आला आणि राहिला.
मोठ्या सिस्टर म्हणाल्या, असू दे गं,
सहीचा फोटो मागव मोबाइलवर.
नवरा भट्टीपाशी. फोन लागेना.
मी पट्टी घेतली, रकान्यावर रेघ मारली. एकच.
शेजारी माझी सही आणि वेळ.
हा अधिकार मला कोणत्या नोंदीखाली आहे
ते कृपया तासाला सांगावे.

इथं उत्तर संपतं.
उरलेल्या पानावर तिनं आडवी काट मारलीय,
नियमाप्रमाणं.

लाल पेन उघडं ठेवून मी बसले.
खाली झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं.
तो रकाना मलाही माहीत आहे.
ब्याण्णव साली, इस्लामपुरात, माझ्या फॉर्मवर
सासऱ्यांनी सही केली होती,
कारण हे ट्रेनिंगला नागपूरला.
पेन नव्हतं त्यांच्याकडं.
माझ्याकडूनच घेतलं, आणि नंतर खिशाला लावलं.
इतकी वर्षं याद्या शिकवतेय मी,
केंद्राची, राज्याची, दोघांची मिळून.
पेन कुणाचं होतं, ते फळ्यावर कधी आलं नाही.

नमुना उत्तराप्रमाणे:
तरतुदींना चार, निवाड्यांना तीन, निष्कर्षाला तीन.
तिनं निवाडा एकही दिलेला नाही.
निष्कर्षाच्या जागी मलाच प्रश्न घातलाय.
सात लिहिले.
खोडले.
खाडाखोडीपाशी परीक्षकानं सही करायची असते.
केली.
वेळही घातली, जी कुणी मागत नाही.