दहा ते ऐंशी

माहितीपत्रकात लिहिलंय : दहा ते ऐंशी टक्के, अठ्ठावीस मिनिटं.
खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत,
पंचवीस अंशाला, योग्य त्या चार्जरवर.
ग्वाल्हेरात मे महिन्यात पंचवीस अंश
फक्त आमच्या शोरूममध्ये असतात,
काचेच्या आत, गाडीसाठी.

या महिन्याचं टार्गेट अकरा. गेल्या तीन.
त्यातली एक मॅनेजरच्या मेहुण्याला.

चंद्रसेन इंगळे आले पावणेबाराला,
डोक्याला ओला पंचा गुंडाळून.
"घ्यायची नाहीये," दारातच म्हणाले, "पाहायचीये.
वैऱ्याचं घोडं एकदा जवळून पाहून ठेवावं."
लष्करात तीन पिढ्या यांचे जनरेटर भाड्याने जातात.
लग्न, तेरावं, निवडणूक :
जिथून वीज जाते तिथे इंगळे येतात.
"आणि लाइट चालली गेली तर हिचं काय?"
असं विचारतात ते, आमच्या इकडच्या मराठीत,
जिला माझी पुण्याची मावशी तोंड दाबून हसते.

झाशी रोडला लागलो.
गाडी इतकी गप्प की त्यांनी दोनदा विचारलं, बंद पडली का.
जौरासी गेली. एसी पूर्ण. बाहेर लू.
पंगतीत जिलेबीचं ताट उतरावं
तसे टक्के उतरत होते,
आणि मी बूट स्पेसबद्दल बोलत होते.

आंतरीच्या पुढे ढाब्यावर दोन गन.
एकीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली.
दुसरी लावली तेव्हा नऊ टक्के.
अठ्ठावन्न किलोवॅट, मी बोटाने दाखवलं.
सहा मिनिटांनी एक्केचाळीस.
"ही पण दमते?"
"तापली की हळू घेते. स्वतःला जपते."
"शहाणी आहे," म्हणाले. "आमचं डिझेल मरेस्तोवर पळतं."

मग लाइट गेली.

स्क्रीन काळी. पंखा थांबला. ढाब्यावरचं भजन अर्ध्या शब्दावर.
आणि मागच्या बाजूने काहीतरी धडधडत उठलं.
मी वळून पाहायच्या आधी
इंगळ्यांनी मान तिरकी केली,
वैद्य नाडी ऐकतो तशी.
"बासष्टचा सेट. तिसऱ्या सिलिंडरला खोकला आहे.
माझाच आहे हा."

कडुनिंबाखाली पिवळं धूड,
पत्र्यावर सोललेली अक्षरं : इंगळे अँड सन्स, दाल बाजार.
ढाबेवाला म्हणाला, मार्चपासून महीनेवारी पर है,
आपके बेटे ने ही तो लगवाया.
इंगळे खाटेवर बसले ते हसतच बसले,
डोळे पुसले पंच्याने, पुन्हा हसले,
मग बराच वेळ हसले नाहीत.
"पोराने सांगितलं नाही," एवढंच.

स्क्रीन परत आली. बावीस किलोवॅट.
त्यांचंच डिझेल, माझ्या गाडीत,
धूर कडुनिंबाच्या पानांवर बसत होता.
विक्रीच्या प्रशिक्षणात हे वाक्य नव्हतं, म्हणून मी ताक मागवलं.

माझं पेन घेऊन
माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर
त्यांनी हिशोब मांडला :
लिटरला युनिट किती, युनिटला किलोमीटर किती,
भाडं वजा, घसारा वजा.
खोडलं. पुन्हा मांडलं. पुन्हा खोडलं.
जो आकडा आला त्याला वर्तुळ केलं
आणि मला दाखवला नाही.

ऐंशीला पोचायला एक तास सात मिनिटं.
"अजून वीस राहिले की."
"शेवटचे वीस फार वेळ खातात, काका.
कोणी थांबत नाही त्यांच्यासाठी."
त्यांनी सेटच्या तापलेल्या पत्र्याकडे पाहिलं.
"थांबू या जरा," म्हणाले. "पाना मिळतो का बघतो.
तो तिसरा ऐकवत नाही."

संध्याकाळी फॉर्ममध्ये तीन चौकोन होते :
हॉट, वॉर्म, कोल्ड.
मॅनेजरने विचारलं, घेणार का?
मी म्हटलं, माहितीपत्रक घेऊन गेलेत.
ते तर सगळेच नेतात, तो म्हणाला.
चौकोन अजून रिकामा आहे.
माझं पेनही त्यांच्याकडेच राहिलंय.