परातीतला उतार

बाबांनी परात मागितली तेव्हा आईला वाटलं
आज भाकऱ्या तेच थापणार.
त्यांनी तळाला रवा पसरला, तळव्यानं दाबून बसवला.
"हे नोव्हेंबरातलं बर्फ. जुनं. मुरलेलं."
त्यावर साखर, सैल हातानं.
"ही महिनाभराच्या कोरड्या रात्रींची.
थंडीनं दाणा दाणा सुटा होतो,
शेजाऱ्याचा हात धरत नाही."
मग चाळणीतून तांदळाचं पीठ,
वरून उलथन्यानं चोपून गुळगुळीत.
"आणि हे कालचं. वाऱ्यानं आणून थापलेलं.
माणूस भाळतो तो ह्याच्यावर."

बाहेर बेळगुंदीत एप्रिलची दुपार,
काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
सोप्यात माझी पाठपिशवी,
रात्रीची गाडी.

परात त्यांनी एका कडेनं उचलली.
थोडी. काही नाही.
अजून थोडी. काही नाही.
मी हसले.
"हसुलीस काय? बोट लाव."
लावलं.
पीठ सबंध सुटलं, वरची कड सुरीनं कापल्यासारखी,
आणि फरशीवर येऊन पडलं आईच्या पायाशी.

आवाज झाला नाही.
"तिथं होतो," बाबा म्हणाले. "आधी. पोटातनं.
रिकाम्या कणगीवर कुणी धपकन बसावं तसा.
तो ऐकलास की पुढचं पाऊल उचलायचं नाही.
शिखर कुठं पळून जात नाही."

कुद्रेमनीच्या सट्टुप्पाचं नाव तेव्हा निघालं,
माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.
पलटणीतला सगळ्यात हुशार.
नकाशा एकदा बघायचा आणि घडी घालून ठेवायचा.
त्या दिवशी बारा वाजून गेलेले,
ऊन उतारावर तासभर ठिय्या देऊन,
पुढचे सहा जण एकेक करत पार झालेले.
सहा गेले म्हणजे वाट पक्की,
हा त्याचा हिशोब.
"बर्फाला हिशोब येत नाही," बाबा म्हणाले,
"ते नुसतं दमतं."
चिमटीतली साखर त्यांनी खाली सोडली,
पुन्हा उचलली, पुन्हा सोडली.

ताकाचं भांडं परत द्यायला शिवलीलाक्का आल्या,
पिशवीकडं बघून म्हणाल्या, "हुषारू हं, मगळे."
आमच्यात हुशार म्हणजे पहिला नंबर.
त्यांच्यात, सांभाळून.
एका भिंतीच्या दोन अंगांना एकच शब्द,
आणि इतकी वर्षं आमच्या ध्यानात नाही.
सट्टुप्पा भिंतीच्या आमच्या अंगाचा हुशार होता.

मग बाबा भरभर बोलत सुटले:
नवं बर्फ पडलं की दोन दिवस तंबूत पत्ते खेळ.
ऊन चढायच्या आत उतारावरनं बाहेर.
ओलांडताना एकटीच, बाकीच्यांनी नजर ठेवायची.
पट्टे सैल. दोरी मनगटात अडकवायची नाही.
आणि सापडलीसच, तर थांबायच्या आधी हात तोंडापुढं,
तेवढीच हवा आपली.
"तेवढीच" म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

आईनं सगळं सुपलीत भरलं, चाळलं,
दळण वाया गेलं म्हणून दोघांना बोलली,
आणि त्याचीच घावनं करून डब्यात घातली.
मिरजेच्या पुढं कुठंतरी खाल्ली,
किंचित गोड, दाताखाली रवा.

पण ते नंतर.
बेळगावच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा
बाकीच्यांचे बाप हात हलवत होते.
माझ्या बाबांनी काठी फरशीवर दोनदा ठोकली
आणि मान तिरकी करून
कान दिला.