पाहिलं कुणीच नाही

तपासाला आलेली बाई तरुण होती.
बुटांना आमच्या गोठ्याचा चिखल,
म्हणून स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.
"काय पाहिलंत?" तिने विचारलं.

काही नाही, मी म्हटलं.
डिसेंबरात या खोऱ्यात कुणी काही पाहत नाही.
इथल्या धुक्याला लव्हाळ्याचं नाव आहे.
पूर्वी इथे तळं होतं, काठाने लव्हाळी;
तळं उपसून लोकांनी कापूस लावला, मग बदाम.
पाणी मात्र दर हिवाळ्यात येऊन
आपली जागा बघून जातं.

एकोणीस वर्षांची होते, असोरेस बेटांवरून आले.
तिथे धुकं समुद्रावरून यायचं, पाहुण्यासारखं, सांगून.
इथलं जमिनीतून उगवतं.
हात लांब केला की बोटं नाहीशी.
एर्मीनियो घरापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधायचा.
तो गेला. दोरी आहे.

सव्वासात. दुसरी रांग यंत्राला लागलेली.
आधी इंजिनाचा आवाज, पश्चिमेकडून, ओळखीचा:
शनिवार, म्हणजे डॉक्टर हॅस्केट समुद्राकडे निघाले.
मग तो आवाज वळला.
वळताना दिसत नाही, पण कळतं,
अंधारात शेजारच्याने कूस बदललेली कळते तसं.
छपरावरून गेला. दूर गेला.
पुन्हा आला, या वेळी खालून, घाईने,
आणि बावन्न गायींनी एकदम माना वळवल्या
भिंतीकडे.

पुढे जे झालं त्याला मी स्फोट म्हणणार नाही.
भरलेलं कपाट आडवं पडावं, तेवढंच.
मग पत्र्यावरून ठिबकणारं धुकं.
ते आधीपासूनच ठिबकत होतं.

बदामाच्या बागेतून ओंटिव्हेरोस हाका मारत होता,
ट्रॅक्टर बंद करून. मी इकडून ओ दिली.
आम्ही दोघं पाव तास
एकमेकांच्या हाकांकडे चालत राहिलो
आणि ते विमान आमच्या मधेच कुठेतरी होतं.
पेट्रोलचा वास सगळ्या बाजूंनी सारखाच.
आधी एक पंख सापडला, दोन झाडांच्या मधे उभा.
झाडांना काही झालं नव्हतं.
जावई बरोबर होता म्हणे. त्याला मी ओळखत नव्हते.

बाई लिहीत होती.
ते वळले का? मी विचारलं.
तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली,
कानाच्या आत थोडंसं पाणी असतं, त्यावर माणूस तोल धरतो.
दिसेनासं झालं की ते पाणी खोटं बोलू लागतं.
विमान कलंडत असतं, आणि वाटतं, सरळ आहोत.
समोरच्या तबकड्या खरं सांगत असतात,
पण आपल्या अंगावर अविश्वास कसा दाखवायचा,
हे शिकायला फार तास लागतात.

किती उंच होतं धुकं?
चारशे फूट, ती म्हणाली.
त्याच्या वर ऊन होतं.
दिवसभर होतं.

मी तिला कॉफी दिली.
म्हटलं, त्या सकाळी गायींनी पान्हा चोरला, तेही लिहा.
लिहिलं की नाही, माहीत नाही.

तिला सांगितलं नाही ते एवढंच:
माझ्या उजव्या दाढेवर त्यांनी बसवलेली टोपी आहे.
तेव्हा हातात पैसे नव्हते.
चीज पाठवा, ते म्हणाले होते, आणि हसले होते,
म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच याल.
मी दर नाताळला पाठवत आले. सतरा वर्षं.
यंदाचं तयार होतं, फडक्यात गुंडाळून, फळीवर,
त्यांचं नाव चिकटवून.

त्यांच्या घरी न्यायला दोनदा निघाले.
दोरीच्या टोकापर्यंत गेले.

परवा ते मीच कापलं.
उजव्या बाजूने चावलं.